आडवी बाटली, आपले शील आणि शेजाऱ्याची झोप



एखाद्या संध्याकाळी तुमच्या दारावर थाप पडते. वस्तीतल्या महिला मंडळाच्या दोघी-तिघी हातात अर्ज घेऊन उभ्या असतात. "नाक्यावरचे दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून सह्या गोळा करतोय. रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत शिवीगाळ चालते, पोरींना त्या रस्त्याने येता येत नाही. तुम्ही आता बौद्ध झालात, तुमची सही तर हवीच." भिंतीवर तथागतांचे आणि बाबासाहेबांचे चित्र असते. तुम्ही पेन हातात घेता. आणि नेमका त्याच क्षणी मनात एक प्रश्न उभा राहतो.

दोन प्रकारची माणसे मला ठाऊक आहेत. एक म्हणतात, "सही करायला विचार कसला? आपण पंचशील घेतले, दारू वाईट, दुकान वाईट, बंद करा!" दुसरे थांबतात. ते म्हणतात, "मी प्रतिज्ञा घेतली ती माझ्यापुरती. शेजाऱ्याने काय प्यावे हे ठरवणारा मी कोण? कोणी काय खावे, कोणी कोणत्या पाणवठ्यावर जावे, कोणी कोणाला शिवावे, हे दुसऱ्यांनी ठरवावे आणि आम्ही मुकाट ऐकावे, असा जो धर्म होता तोच तर आम्ही सोडला. आता आम्हीच दुसऱ्यांवर नियम लादायला निघालो काय?"

या दुसऱ्या माणसाला भेकड म्हणू नका. त्याचा प्रश्न खरा आहे आणि तो नीट सोडवल्याशिवाय केलेली सही ही नुसती शाई आहे. म्हणून आज या प्रश्नाचाच विचार करू.

प्रथम शील म्हणजे काय ते पाहा. पंचशील देताना भन्ते हुकूम सोडत नाहीत. "पिऊ नकोस, नाहीतर पाप लागेल" असे त्यात कुठेही नाही. प्रत्येक शीलात 'वेरमणी' असा शब्द येतो. त्याचा अर्थ विरत होणे, अलिप्त राहणे. शील घेणारा स्वतःच्या तोंडाने म्हणतो की मी अलिप्त राहण्याचा नियम ग्रहण करतो. करणारा मी, पाळणारा मी, चुकलो तर पुन्हा उठून पाळायला लागणाराही मीच. आणि पाचव्या शीलात कारणही सांगून ठेवले आहे. मद्य हे 'पमाद' म्हणजे बेसावधपणाचे स्थान आहे. जो मार्ग पावलोपावली सावध राहायला सांगतो, त्या मार्गावरच्या माणसाने आपली सावधता पैसे देऊन विकावी, याहून वेडेपणा कोणता?

विनयपिटकात सागत नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. त्याने एका भयंकर नागाला जिंकले अशी त्याची ख्याती होती. कोसंबीच्या लोकांनी कौतुकाने घरोघरी त्याला मद्य पाजले आणि तो नगराच्या वेशीपाशी कोसळला. भिक्खूंनी उचलून आणला तेव्हा त्याचे पाय तथागतांच्या दिशेला होते, पण त्याला शुद्ध नव्हती. तथागतांनी भिक्खूंना विचारले, ज्याने नागाला हरवले तो आता पाण्यातल्या साध्या सापाशी तरी लढू शकेल काय? भिक्खूंसाठी मद्याचा निषेध झाला तो या प्रसंगी. लक्षात घ्या, सागताला पाजणारे त्याचे शत्रू नव्हते, चाहते होते. आपल्या वस्तीतही पहिला पेला शत्रू पाजत नाही. लग्नात, वरातीत, निवडणुकीत प्रेमानेच पाजला जातो.

तेव्हा शील हे स्वतःवर घालून घेतलेले बंधन आहे. एवढ्यावरून दुसऱ्याला बंदी करण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. इथपर्यंत त्या थांबलेल्या माणसाचे बरोबर आहे.

आता बाबासाहेबांकडे वळू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, हे नव्याने दीक्षा घेतलेल्या घरातील लेकरालाही माहीत असते. पण पाच वर्षे आधीची एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. १९५१ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा निवडणूक जाहीरनामा निघाला. त्यात सरकारी दारूबंदीला उघड विरोध होता! मुंबई राज्यात तेव्हा १९४९ चा दारूबंदी कायदा नुकताच आला होता. जाहीरनाम्याचे म्हणणे असे की बंदीने सरकारचा महसूल बुडतो, जो लोकांच्या उन्नतीसाठी वापरता आला असता. आणि चोरटी दारू घरात गाळली जाऊ लागली की पूर्वी जिथे पुरुषच पीत होते तिथे ती बायका-मुलांपर्यंत पोचते.

मग बाबासाहेब पाच वर्षांत बदलले काय? मला तसे वाटत नाही. एका ठिकाणी प्रश्न सरकारच्या दंडुक्याचा होता, दुसऱ्या ठिकाणी माणसाच्या मनाचा. पोलीस बाटली फोडू शकतो, तहान फोडू शकत नाही. जे काम दंडुक्याने होत नाही ते प्रतिज्ञेने करायचे, म्हणून तर नागपूरला लाखो माणसांनी स्वतःच्या तोंडाने शब्द उच्चारला.

याचा पडताळा आपल्याच भूमीत आला आहे. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली. त्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या बायका दारूबंदीसाठी २०१० साली चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या. वर्षानुवर्षांच्या लढ्यानंतर १ एप्रिल २०१५ पासून त्या जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. आणि २०२१ साली सरकारने ती उठवली. चोरटी विक्री आणि त्यातून वाढलेली गुन्हेगारी हे कारण सरकारने पुढे केले. चालत गेलेल्या बायकांचे दुःख खोटे नव्हते. पण कायदा वरून आला आणि घराघरातली प्रतिज्ञा खालून वर आली नाही, तर काय होते याचा हा धडा आहे. राज्यघटनेचे कलम ४७ मादक पेयांचे सेवन बंद करण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे सांगते, तेही मार्गदर्शक तत्त्व म्हणून. वाट दाखवणे आणि वाट चालणे या दोन गोष्टी आहेत.

तर मग सही करायची की नाही? करायची. पण कशासाठी, हे समजून करायची.

शेजारी त्याच्या घरात बसून काय पितो, हा एक प्रश्न. नाक्यावर दुकान असावे की नसावे, हा अगदी निराळा प्रश्न. दुकान कोणाच्या घरात नसते, सर्वांच्या रस्त्यावर असते. ते परवान्याशिवाय चालू शकत नाही आणि परवाना शासन देते, म्हणजे तुमच्या-माझ्या नावाने देते. गंमत पाहा, ज्या कायद्याचे नाव आजही 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' आहे, त्याच कायद्याखाली राज्यातले दारूचे परवाने दिले जातात. म्हणजे दारू विकणे हा कोणाचा जन्मसिद्ध हक्क नव्हे, ती समाजाने दिलेली सवलत आहे. जी सवलत माझ्या नावाने दिली गेली तिच्याबद्दल मी बोललो, तर मी कोणावर धर्म लादत नाही. उलट न बोललो तर माझ्या मौनाने मी त्या सवलतीवर सही करतो.

तथागतांनी उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राणिमात्रांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. पिणाऱ्याविषयी करुणा ठेवणारे तथागत विकण्याच्या धंद्याविषयी इतके स्पष्ट का बोलले? कारण पिणारा प्रथम स्वतःचे नुकसान करतो. विकणारा मात्र दुसऱ्याच्या नुकसानीवर आपली चूल पेटवतो. आणि तो धंदा मुलांच्या वाटेवर, दवाखान्याच्या शेजारी, कामावरून उशिरा परतणाऱ्या बाईच्या रस्त्यावर चालत असेल, तर 'त्याचे तो पाहील' असे म्हणून आपली सुटका होत नाही. त्या रस्त्याने येणाऱ्या बाईने काय प्यायले आहे? तरी भीती तिच्याच वाट्याला येते.

आता व्यवहाराचे थोडे सांगतो. पुष्कळ लोक नगरसेवकाच्या किंवा सरपंचाच्या दारात जाऊन भांडतात. पण परवाना ना नगरपालिका देते ना ग्रामपंचायत. तो जिल्हाधिकारी आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग यांच्या हातात असतो. ग्रामसभेच्या आणि पालिकेच्या ठरावाला वजन असते, म्हणून ठराव करून घ्यावाच. पण अर्ज योग्य कचेरीत जावा. २००८ च्या शासकीय आदेशाने गावाला आणि वॉर्डाला मतदानाचा मार्ग मिळाला. पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली, सह्यांची पडताळणी झाली, की गुप्त मतदान घ्यायचे. मतपत्रिकेवर दोन चित्रे, एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. नियम वेळोवेळी बदलत असतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी चालू नियम कचेरीतून लेखी मागून घ्या.

या मतदानातली एक अट नीट समजून घ्या. दुकान बंद होण्यासाठी आलेल्या मतांपैकी निम्मी मते पुरत नव्हती. यादीत नाव असलेल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून अधिक महिलांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागे. म्हणजे जी बाई त्या दिवशी शेतावर गेली, जी माहेरी गेली, जी 'आपल्याला काय करायचे' म्हणून घरी बसली, तिचे मत आपोआप उभ्या बाटलीला पडले. अनेक गावांत दुकाने राहिली ती पिणाऱ्यांमुळे नव्हे, न आलेल्यांमुळे. वज्जी लोकांबद्दल तथागत म्हणाले होते की जोवर ते वरचेवर एकत्र जमतात, एकमताने उठतात-बसतात आणि स्त्रियांवर बळजबरी करीत नाहीत, तोवर त्यांची हानी नाही, वृद्धीच आहे. एकत्र जमणे हा तेव्हाही राज्यकारभार होता आणि आजही आहे. नवऱ्याने बायकोला मतदानाच्या दिवशी घरात अडवू नये आणि मूल सांभाळायला स्वतः घरी राहावे. पुरुष उपासकाने करायचे हे पहिले काम.

अर्जात काय लिहायचे? 'दारुडे लोक नालायक आहेत' असे लिहू नका. अमुक तारखेला, अमुक वाजता, दुकानासमोर काय घडले. शाळा किती पावलांवर आहे. आवाज किती वाजेपर्यंत चालतो. पोलिसांना कितीदा कळवले, हे लिहा. राग कागदावर टिकत नाही, वस्तुस्थिती टिकते. खरे बोलण्याचे शील अर्जालाही लागू आहे.

आता मी तुम्हाला जरा कडू लागेल असे बोलणार आहे.

अर्जात आपण लिहिले, 'रात्री आवाजाने झोप लागत नाही, आजारी माणसांना त्रास होतो, पोरांचा दहावीचा अभ्यास होत नाही.' एप्रिल महिना येतो. चौदा तारखेच्या आदल्या रात्रीपासून आपल्याच चौकात डीजेच्या भिंती उभ्या राहतात. खिडक्यांची तावदाने थरथरतात. त्या खिडकीच्या आतही एक आजारी माणूस आहे. त्याच्या घरातही दहावीचे पोर आहे. दुकानासमोरचा गोंगाट त्रास आणि आपला गोंगाट जयंती, हे त्याच्या कानाला कसे कळावे?

ध्वनी प्रदूषणाचे २००० सालचे नियम सर्वांना सारखे आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. दवाखाने, शाळा, न्यायालये यांच्या भोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारा वाजेपर्यंत सवलत देता येते. आणि डेसिबलचा हिशोब साधा नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते, वीस वाढले की शंभरपट. ५५ ऐवजी ९५ झाले तर ते दुप्पटसुद्धा नाही असे वाटते, पण ती शक्ती दहा हजार पट असते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बोलण्याच्या स्वातंत्र्यात न ऐकू इच्छिणाऱ्याला जबरदस्तीने ऐकवण्याचा हक्क येत नाही.

तुम्ही म्हणाल, "दुसऱ्यांचे उत्सव दहा-दहा दिवस चालतात, तेव्हा कोणी बोलत नाही. बोट आमच्याकडेच का?" हा सवाल रास्त आहे. आणि त्यामागे मोठे दुःख आहे. आपल्या नवरदेवाची वरात वाजतगाजत गावातून जाऊ द्यायची नाही, यासाठी दगड पडलेले आहेत. ज्यांच्या बापजाद्यांना मोठ्याने बोलण्याची मुभा नव्हती, त्यांच्या पोराला मोठा आवाज हाच स्वातंत्र्याचा पुरावा वाटला तर नवल नाही. म्हणून कायद्याचा बडगा फक्त आपल्या मिरवणुकीवर पडत असेल, तर त्याविरुद्ध संघटितपणे, लेखी, निर्भयपणे भांडलेच पाहिजे. पण भांडण समान कायद्यासाठी असावे, समान गोंगाटासाठी नव्हे. त्यांनी शेजाऱ्याला छळले म्हणून आम्हालाही छळू द्या, ही मागणी बाबासाहेबांच्या नावाने करता येणार नाही.

चातुमा नावाच्या शाक्यांच्या गावी घडलेला प्रसंग मज्झिमनिकायात आहे. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्याबरोबर पाचशे भिक्खू तथागतांच्या दर्शनाला आले. ओळखीच्यांना भेटताना, बिछाने मांडताना, पात्रे ठेवताना मोठा गलका झाला. तथागतांनी आनंदाला विचारले, हे कोण, कोळ्यांनी मासळी ओढावी तसा कल्लोळ करणारे? आणि त्या सर्वांना त्यांनी परत पाठवले. पुढे शाक्यांनी रदबदली केली तेव्हा ते परत आले. हे भिक्खू भांडत नव्हते. कोणी मद्य प्यालेले नव्हते. तथागतांना भेटण्याच्या आनंदातच त्यांनी गोंगाट केला होता! तथागतांच्या दर्शनासाठी आलेल्यांना जी सूट मिळाली नाही, ती तथागतांच्या नावाने उभ्या केलेल्या ध्वनिक्षेपकाला कशी मिळेल? जयंती जरूर साजरी करा. निळे झेंडे फडकवा, ढोल-लेझीम असू द्या, दहा वाजता बंद करा आणि डीजेचे पैसे वस्तीच्या वाचनालयाला द्या.

शेवटी ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे त्या माणसाबद्दल. दुकान बंद झाले असे समजा. तो पिणारा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नाक्यावर जाईल. तो कोण असतो? बहुधा आपलाच कोणाचा तरी भाऊ, मामा, मुलाचा बाप. आडव्या बाटलीच्या विजयाचा गुलाल त्याच्या तोंडावर उधळू नका. सिगालाला उपदेश करताना तथागतांनी मद्याचे सहा तोटे मोजून दाखवले: धन जाते, भांडणे वाढतात, रोग होतात, अब्रू जाते, लाज सुटते, बुद्धी दुबळी होते. त्या सहांमध्ये 'अशा माणसाला टाकून द्या' हे कुठेच नाही. टाकणे म्हणजे काय हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

तेव्हा मतदान संपल्यावर त्याच्या घरी जा. संध्याकाळी सात ते नऊ त्याने कुठे बसावे, याचे उत्तर वस्तीने दिले पाहिजे, कारण दुकान जाते तेव्हा त्याची बसण्याची जागाही जाते. विहाराचे दार त्या वेळी उघडे ठेवा. फार दिवस फार पिणाऱ्याला घरात कोंडून एकदम दारू तोडू नका. हातपाय कापणे, भ्रम होणे, झटके येणे असे जिवावरचे प्रकार होतात, म्हणून डॉक्टरांकडे न्या. पुण्याच्या मुक्तांगणसारखी केंद्रे १९८६ पासून हे काम करीत आली आहेत, आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांना पैसे लागत नाहीत. दुकानातला नोकर आपलाच कोणी असेल तर त्याच्या दुसऱ्या कामाचीही खटपट करा. सम्यक आजीविका सांगणाऱ्याने आजीविकेचा विचार अर्ध्यावर सोडू नये.

तर पुन्हा दारावर थाप पडेल तेव्हा सही करण्यापूर्वी स्वतःला तीन गोष्टी विचारा. मी पिणाऱ्याच्या द्वेषाने सही करतो आहे, की ज्याला त्रास होतो त्याच्या करुणेने? जो नियम दुकानाला लावतो तो माझ्या मंडपाला लावीन काय? आणि दुकान गेल्यावर त्या माणसासाठी मी काय करणार आहे? तिन्हींची उत्तरे देता आली, तर तुम्ही कोणावर धर्म लादत नाही, आपला धम्म पाळता आहात. मग निःशंकपणे सही करा, आणि मतदानाच्या दिवशी घरातल्या बायांना सर्वांत आधी केंद्रावर पोचवा.

जयभीम!